परदेशी नोट खरी की खोटी? निघण्याआधी घरीच शिकून घ्या

गेल्या दिवाळीनंतर गल्लीतल्या आक्का हातात एक पाकीट घेऊन आमच्या दारात आल्या. मुलाकडे जर्मनीला, स्टुटगार्टला निघाल्या होत्या. कुणा नातेवाइकाने कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या चार परदेशी नोटा 'तिकडं उपयोगी पडतील' म्हणून त्यांच्या हातात कोंबल्या होत्या. "बघ की रे, खऱ्या हाईत काय?" मी बेळगावच्या शहापुरातल्या एका सोसायटीत २२ वर्षं कॅश सांभाळली, त्यामुळे गल्लीतली प्रत्येक संशयी नोट आधी माझ्याकडे येते आणि मग बँकेत जाते.

पाकिटात शंभर डॉलरची एक, पन्नास युरोची एक, वीस पौंडांची एक आणि पन्नास जर्मन मार्कांची एक अशा नोटा निघाल्या. चारी खऱ्या. पण आक्कांना जर्मनीतल्या दुकानात चालणार होती फक्त एक. खोटी नोट वेगळी आणि चलनातून गेलेली नोट वेगळी. प्रवासात माणूस दोन्हींना सारखाच फसतो, म्हणून या लेखात दोन्हींचं सांगतो.

आधी एक गोष्ट. आमच्याकडे नव्या कॅशियरला पहिले काही दिवस खोटी नोट दाखवतच नसत. नुसत्या खऱ्या मोजायला देत, गड्डीमागून गड्डी. मग कधीतरी मोजता मोजता बोट अडखळायचं. पाचशेची नोट नाशिकला छापलेली असो की म्हैसूरला, आपण ती अर्ध्या उजेडातही ओळखतो, कारण ती हजारदा हातातून गेलेली असते. परदेशी नोटेची अशी सवय कुणालाच नसते, आणि तिकडच्या काउंटरवर मागे रांग उभी असताना नोट बघायला मिळतात जेमतेम तीन सेकंद. तेव्हा ही सवय निघण्याआधी, घरच्या टेबलावर लावून घ्यायची.

पहिली पायरी: नोटा कुठून आणि कोणत्या घ्यायच्या

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही. आपले लोक गोव्यातल्या मोपा-दाबोळीहून, मुंबई किंवा बंगळूरहून जातात आणि नोटा घ्यायचं काम विमानतळावरच्या काउंटरपर्यंत ढकलत नेतात. तिथे भाव वाईट मिळतो, ते एक असो. पण घाईत नोट नीट बघताही येत नाही. त्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी बेळगावातच बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडून घ्या. पासपोर्ट दाखवावा लागतो. रुपये रोख देणार असाल तर व्यवहार ५०,००० च्या आत हवा, वरच्या रकमेला चेक किंवा कार्ड. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच परकी चलन रोख मिळतं, बाकीचं फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकी चलन भरलेल्या कार्डावर घ्यायचं. पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. ओळखीचा कुणी 'बँकेपेक्षा दोन रुपये स्वस्त देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पावती नसलेली नोट उद्या खोटी निघाली तर ती तुमचीच.

नोटा घेताना शंभराच्या कमी आणि वीस-पन्नासच्या जास्त मागा. प्रवाशाकडे खोटी नोट बहुधा सुट्ट्या पैशांतून येते: आपण मोठी नोट देतो, समोरचा सुट्टे परत देतो आणि त्यात एक नोट सरकवतो. छोट्या नोटा जवळ असल्या तर सुट्टे घ्यायची वेळच कमी येते.

दुसरी पायरी: टेबलावरचा अर्धा तास

हात धुऊन कोरडे करा. कॅशियरची स्पंजाची डबी इथे कामाची नाही, ओल्या बोटाला खरखर लागत नाही. खिडकीजवळ बसा, दिवसाच्या उजेडात. मग प्रत्येक नोटेला तीन गोष्टी, याच क्रमाने: बोट फिरवा, उजेडासमोर धरा, तिरकी करून हलवा. युरोची मध्यवर्ती बँक लोकांना शिकवते तीही हीच रीत, आणि ती जवळपास सगळ्या चलनांना लागू पडते. बोटाला उठावाची छपाई आणि कागदाचा करकरीतपणा कळतो. उजेडात वॉटरमार्क आणि धागा दिसतो. तिरकी केली की रंग किंवा चित्र बदलतं. घरच्या प्रिंटरला ही तिसरी गोष्ट जमत नाही, म्हणून वेळ अगदीच कमी असेल तर नोट निदान हलवून बघाच.

आता एकेक नोट घेऊ.

डॉलर. यावर जरा जास्त थांबतो, कारण अमेरिकेला न जाणारेही डॉलरच घेऊन जातात. सध्याची निळ्या पट्टीची शंभराची नोट ८ ऑक्टोबर २०१३ पासून चालू आहे. नोटेवर चित्र आहे त्या फ्रँकलिनच्या खांद्यावरून, नोटेच्या डाव्या बाजूला, बोट वर-खाली फिरवा. खरखरीत लागलं पाहिजे. निळी पट्टी छापलेली नसून कागदात विणलेली आहे. नोट पुढे-मागे कलंडली की पट्टीतल्या घंटा आणि शंभरचे आकडे आडवे सरकतात, डावी-उजवीकडे कलंडली की वर-खाली सरकतात. शेजारी तांबूस दौत आहे, तिच्यातली घंटा तांब्याच्या रंगावरून हिरवी होते. उजव्या खालच्या कोपऱ्यातला शंभरचा आकडाही तसाच रंग बदलतो. उजेडासमोर धरली की उजवीकडच्या मोकळ्या जागेत फ्रँकलिनचा पुसट चेहरा दोन्ही बाजूंनी दिसतो आणि डावीकडे एक उभा धागा दिसतो.

हा पुसट चेहरा बघणं सोडू नका. अमेरिकेच्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या असतात. त्याचा फायदा घेऊन काहीजण पाच डॉलरची खरी नोट रसायनात धुतात आणि कोऱ्या झालेल्या कागदावर शंभर छापतात. कागद खरा असल्यामुळे बोट फसतं. दुकानदार वापरतात ते नोट तपासायचं पेनही फसतं. त्या पेनात आयोडीन असतं आणि साध्या कागदातल्या स्टार्चवर ते काळपट पडतं, पण नोटेच्या कापूस आणि लिननच्या कागदात स्टार्चच नसतो. अशी नोट उजेडात धरली की मात्र फ्रँकलिनच्या जागी पाचाच्या नोटेवरचा लिंकन किंवा पाचाचा आकडा दिसतो आणि चोरी पकडली जाते. (उलटही घडू शकतं. खळ दिलेल्या शर्टाच्या खिशात धुतली गेलेली खरी नोट पेनाखाली काळी पडू शकते. नुसत्या पेनावर भरवसा नको.)

डॉलरचा धागा अतिनील टॉर्चखाली चमकतो. पाचाचा निळा, दहाचा केशरी, विसाचा हिरवा, पन्नासचा पिवळा, शंभराचा गुलाबी. टॉर्च स्वस्तात मिळतो, पण तो घेऊन हिंडायची मला गरज वाटत नाही. हौस असेल त्याने जरूर घ्यावा.

छोट्या चेहऱ्याचे जुने डॉलर अमेरिकेत अजूनही कायदेशीर आहेत, पण इतर देशांतले बरेच मनी चेंजर ते नाकारतात. पेनाने आकडे लिहिलेल्या, स्टेपल मारलेल्या किंवा कोपरा फाटलेल्या नोटांचंही तेच होतं. गड्डीच्या वरच्या नोटेवर बॉलपेनने बेरीज लिहायची आपल्या बाजाराची सवय परदेशी नोटेवर अजिबात नको.

युरो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांपासून जर्मनीत शिकणाऱ्या पोरांपर्यंत आता बेळगावातल्या बऱ्याच घरांत युरो दिसतो. नव्या मालिकेच्या नोटा २०१३ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने आल्या. पुढच्या बाजूला डाव्या आणि उजव्या कडेला छोट्या उठावाच्या रेघा आहेत, नखाने खरवडल्या की कळतात. खाली डावीकडचा चमकदार आकडा तिरकी केल्यावर पाचूच्या हिरव्यावरून गडद निळा होतो. वीस आणि त्यावरच्या नोटांच्या चंदेरी पट्टीत एक छोटी खिडकी आहे. उजेडात ती आरपार होते आणि तिच्यात युरोपा या ग्रीक कथेतल्या स्त्रीचा चेहरा दिसतो. नक्कल जास्त होते ती वीस आणि पन्नासची, तेव्हा याच दोन घरी नीट पाठ करा. आणखी एक जात आहे, सिनेमाच्या शूटिंगसाठी छापलेल्या नोटांची. त्यांच्यावर बारीक अक्षरात 'मूव्ही मनी' किंवा 'प्रॉप कॉपी' असं इंग्रजीत चक्क लिहिलेलं असतं, आणि तरी त्या अंधाऱ्या बारमध्ये खपतात, कारण वाचतो कोण! पाचशेची युरो नोट कायदेशीर आहे, पण २०१९ पासून नवी निघत नाही आणि छोटे दुकानदार ती घेत नाहीत. ती घेऊच नका.

पौंड. इंग्लंडच्या नोटा आता प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिमरच्या आहेत. त्यांत मोठी आरपार खिडकी आणि हलवल्यावर शब्द बदलणारा होलोग्राम आहे. विसाच्या नोटेवर 'ट्वेंटी' आणि 'पाउंड्स' आलटून पालटून दिसतात. कागदी वीस आणि पन्नास पौंड ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनात नाहीत. आक्कांच्या पाकिटातली नोट त्यातलीच होती: खरी, पण दुकानात बाद. ती बँक ऑफ इंग्लंडमध्ये बदलून मिळते. स्कॉटलंडमध्ये तीन बँका आपापल्या नोटा काढतात. त्या बघून 'ही भलतीच आहे' म्हणून भांडू नका, त्याही खऱ्या.

दिरहम. आखातात नोकरीला जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. अमिरातीने डिसेंबर २०२१ मध्ये पन्नास दिरहमची पॉलिमर नोट काढली आणि पुढे आणखी काही काढल्या. जुन्या कागदी नोटाही चालतात, त्यामुळे एकाच पाकिटात दोन प्रकार आले तर घाबरायचं कारण नाही. दुसरी गोष्ट आकड्यांची. अरबी पाच दिसतो थेट आपल्या शून्यासारखा गोल, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता टिंब! मराठी डोळा इथे हमखास चुकतो. नोटेची इंग्रजी बाजू वर ठेवून मोजा, किंवा ते दहा आकडे पाठच करा. एसटीच्या पाटीवरचे कन्नड आकडे वाचत मोठे झालेल्या आपल्याला ते जड नाही.

तिसरी पायरी: तिकडे गेल्यावर

इथे सगळ्यात मोठा धोका खोट्या नोटेचा नसून बदललेल्या नोटेचा असतो. व्हिएतनाममध्ये वीस हजार डोंगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी, किमतीत फरक पंचवीसपट. टॅक्सीतल्या अंधुक उजेडात तुम्ही पाच लाखांची देता, ड्रायव्हर हात खाली नेतो आणि वीस हजारांची वर काढून म्हणतो, "साहेब, ही चुकीची दिली." मी स्वतः एकदा असाच गंडलो. कॅशियर असून! तेव्हापासून नोट हातातून सोडण्याआधी आकडा मोठ्याने म्हणतो. भाषा कळो न कळो, समोरच्याला हे गिऱ्हाईक जागं आहे एवढं कळतं.

प्रागमध्ये रस्त्यावर 'चांगला भाव देतो' म्हणणाऱ्याकडून चेक कोरुना घेतला तर चलनातून गेलेले बेलारूसचे रुबल हातात पडल्याचे प्रकार झाले आहेत. नोट खरीच, फक्त भलत्या देशाची आणि मेलेली. म्हणून रस्त्यावर पैसे बदलायचे नाहीत. एटीएम वापरायचं तर बँकेच्या शाखेतलं, आणि शाखा उघडी असताना. काही गडबड झाली तर लगेच आत जाता येतं.

सुट्टे घेताना नोटा एकेक करून घ्या, गठ्ठा म्हणून नको. अंगठ्याने कड चाचपा, एकदा तिरकी करा, झालं. शंका आली तर हसून 'दुसरी द्या' म्हणा आणि तिथेच परत करा. खिशात गेलेल्या नोटेबद्दल नंतर कुणी ऐकत नाही. एकाच ठिकाणाहून आलेल्या दोन नोटांचे नंबर सारखे निघाले तर त्यात खोटी आहेच, पुढे काही तपासायची गरज नाही.

चौथी पायरी: खोटी नोट गळ्यात पडलीच तर

ती पुढे कुणाच्या गळ्यात मारू नका. 'मला जशी आली तशी जाऊ दे' हा विचार आपल्याला तुरुंगाच्या दारात नेतो. नकळत नोट बाळगणं वेगळं आणि कळल्यावर चालवणं वेगळं, हा फरक बहुतेक देशांचे कायदे करतात. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं १७८ ते १८० याच गुन्ह्यांची आहेत, आणि त्यात परदेशी नोटाही धरल्या जातात. तेव्हा खोटी नोट आठवण म्हणून बेळगावला आणायची गंमतही नको.

नोट फार न हाताळता कागदी पाकिटात घाला. कुठे, कधी, कुणाकडून आली आणि तो माणूस कसा दिसत होता, हे विसरण्याआधी मोबाइलवर लिहून ठेवा. मग जवळच्या बँकेत किंवा पोलिसांत द्या आणि पोच घ्या. पैसे परत मिळत नाहीत. युरोच्या बाबतीत तर खोट्या नोटेची भरपाई मिळत नाही, असं त्यांची मध्यवर्ती बँक आधीच सांगून ठेवते. पन्नास युरो गेले तर गेले.

परत आल्यावर

उरलेल्या नोटा १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारक मनी चेंजरकडे द्यायच्या असतात. २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. ठेवल्याच तर पाकिटावर देश, वर्ष आणि कुठून घेतल्या ते लिहा, नाहीतर पंधरा वर्षांनी तुमच्या घरातल्या कुणा आक्काला माझ्यासारख्याचं दार ठोठवावं लागेल.

आमच्या आक्कांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. युरो सरळ चालला. डॉलर त्यांनी मुलाला देऊन टाकला, पौंड परत कपाटात गेला. मार्क २००१ च्या अखेरीस चलनातून गेला, पण जर्मनीची मध्यवर्ती बँक तो अजूनही, मुदत न लावता, एका युरोला १.९५५८३ मार्क या ठरलेल्या दराने बदलून देते. आक्का मुलाला घेऊन तिच्या स्टुटगार्टच्या शाखेत गेल्या. पन्नास मार्कांचे पंचवीस युरो छप्पन सेंट आले. तिथल्या बाईंनी नोट बोटांनी चाचपली, उजेडात धरली, तिरकी केली, आणि आक्का मला फोनवर म्हणाल्या, "अगदी तुझ्यासारखंच करूलालती की रे."