पावलीची कफलिंक : नाण्याला धक्का न लावता

नाण्याची कफलिंक करायची म्हटलं की बरेचजण नाण्याच्या पाठीवर थेट टाका (धातूचा डाग) मारून घेतात. तसं करू नका. तापलेलं नाणं काळवंडतं आणि त्याची जुनी झाक परत येत नाही. उद्या नाणं जसंच्या तसं काढून घेता आलं पाहिजे, म्हणून चांदीचं कोंदण करायचं.

चलनातली नाणी वितळवायला किंवा नष्ट करायला 2011च्या नाणे कायद्यानं बंदी आहे. त्यांच्या वाटेला जाऊच नका. पावली, म्हणजे 25 पैशांचं नाणं, मात्र जून 2011अखेर चलनातून गेली. 1982च्या दिल्ली एशियाडची किंवा 1981च्या जागतिक अन्न दिनाची स्मारक पावली घ्या. तांबं-निकेलची, 19 मिलिमीटरची, कफवर अगदी बेताची दिसते. होळकरांची नाणी घरात असतील तर ती जपून ठेवा, या कामाला काढू नका. जोडी निवडताना झीज सारखी बघा आणि सालाखालची टांकसाळीची खूणही जुळवा: मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, कोलकात्याला खूण नाही. कोमट साबणपाण्यानं धुऊन टिपा. चिंच, पितांबरी अजिबात नको.

चांदीची पट्टी 0.3 मिलिमीटर जाडीची आणि नाण्याच्या जाडीपेक्षा पाऊण मिलिमीटर उंच हवी. परीघ साठच्या आसपास येतो. 62 मिलिमीटर कापा, नाण्याभोवती गुंडाळा आणि जादा भाग कानशीनं काढा. टोकं एकमेकांना टेकली, मधून उजेड दिसेना, की टाकणखार लावून टाका द्या. मग ही कडी चांदीच्या पत्र्यावर आणि पत्र्यामागे फिरती दांडी बसवा. दांडीसाठी आधीपेक्षा लवकर वितळणारा टाका वापरा, नाहीतर पहिला सांधा सुटतो. नक्षीची वरची बाजू पत्र्यामागे आधीच खुणावून ठेवा, म्हणजे दांडी तिरकी बसणार नाही. घरी बर्नर नसेल तर एवढं काम इंदूरच्या सराफ्यातल्या कारागिराकडून करून घ्या. दिवसाच जा, रात्री तिथे पेढ्या बंद होऊन खाऊचे ठेले लागतात.

सगळं तापवणं आणि पॉलिश संपल्यावरच नाणं आत घालायचं. बसतंय का हे बघताना कोंदणावर आधी एक दोरा आडवा टाका आणि वरून नाणं ठेवा. दोन्ही टोकं ओढली की ते अलगद वर येतं. दोरा विसरलात तर घट्ट बसलेलं नाणं काढताना कड ओरखडते. माप पटलं की दोरा काढून नाणं बसवा आणि पट्टीची कड ओपणीनं (घासून दाबायच्या गुळगुळीत हत्यारानं) आत दाबा: आधी समोरासमोरच्या चार जागी, मग त्यांच्या मधे. एकाच बाजूनं गोल दाबत गेलात तर शेवटी पट्टीला सुरकुती पडते. सरस मात्र नकोच, तो नाण्याच्या पाठीला कायमचा चिकटतो.

शर्ट दुमडत्या कफचा हवा. साध्या कफला शिंप्याकडून बटणाच्या जागी दुसरं काज करून घेतलं तरी चालतं.