गच्चीसाठी टेलिस्कोपिक शिडी घेताना या चुका टाळा

मराठवाड्यात अनेक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नसल्याने गच्चीवरील टाकी वारंवार पाहावी लागते, आणि जिना नसलेल्या घरात त्यासाठी टेलिस्कोपिक, म्हणजे एकमेकींत सरकणाऱ्या नळ्या ओढून लांब करायची शिडी घेतली जाते. ही खरेदी बहुधा खोक्यावरील आकडा पाहून होते, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच घडते.

खोक्यावर शिडीची पूर्ण उघडलेली लांबी छापलेली असते. तेवढ्या उंचीवर सुरक्षित चढता येते, असा त्याचा अर्थ नाही. जोते 2 फूट, त्यावर स्लॅबपर्यंत 10 फूट आणि कठडा 3 फूट धरल्यास शिडी 15 फुटांवर टेकते. गच्चीवर उतरताना धरायला आधार हवा, म्हणून टेकण्याच्या जागेच्या वर किमान 3 फूट शिडी उरली पाहिजे. शिवाय ती तिरकी ठेवायची असते (4 फूट उंचीमागे पाया 1 फूट दूर), त्यामुळे प्रत्यक्षात जवळपास 19 फुटांची शिडी लागते. बाजारात सर्रास मिळणारी 3.8 मीटरची टेलिस्कोपिक शिडी मात्र साडेबारा फुटांचीच असते. अशा घरासाठी दोन भागांची सरकती शिडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथेही 12 फुटांचे दोन भाग म्हणजे 24 फूट, असा हिशोब करू नये. दोन्ही भाग किमान 3 फूट एकमेकांवर राहिले पाहिजेत, म्हणून उपयोगाची लांबी 21 फूटच मिळते.

खोलीच्या मध्यावरील पंख्यासाठी भिंतीला टेकवायची शिडी निरुपयोगी आहे. तिथे दोन्ही बाजूंना पाय असलेलीच लागते.

टेलिस्कोपिक शिडीची प्रत्येक पायरी ओढल्यावर दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसल्याचा ‘खट्’ आवाज ऐकावा आणि डोळ्यांनीही खात्री करावी. एकच खिट्टी बसली असेल, तर त्या शिडीवर पाय ठेवू नये. खिटी अडकू लागली की अनेकजण नळ्यांना तेल लावतात, परंतु तेलावर धूळ चिकटून खिटी आणखी अडते. नळ्या कोरड्या, स्वच्छ कपड्याने पुसाव्यात.

पावसाळ्यात काळ्या मातीत शिडीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा खोल रुततो आणि माणूस वर असतानाच शिडी कलते. अंगण मातीचे असेल, तर दोन्ही पायांखाली एकच रुंद, जाड फळी सपाट बसवावी. ओल्या शहाबादी फरशीवर शिडी घसरते, म्हणून खरेदीच्या वेळीच पायांचे रबर तपासावे.

विजेची तार गच्चीच्या कडेने गेलेली असल्यास ॲल्युमिनियमची शिडी घेऊच नये. फायबरग्लासची सरकती शिडी जड आणि महाग असली, तरी तिथे तीच घ्यावी, ती कोरडी व स्वच्छ ठेवावी आणि तारेपासून दूरच उभी करावी.