आयर्लंडमध्ये आजारपणाच्या पैशांवर असताना पार्ट-टाइम काम: आधी पत्र, मग काम

इथे नवीन आलेल्यांचे मेसेज येतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो, की सिकवर आहे, इलनेस बेनिफिट (आजारपणात सरकारकडून दर आठवड्याला मिळणारे पैसे) चालू आहे, आता थोडं बरं वाटतंय तर आठवड्यातून दोन दिवस काम केलं तर चालेल का. उत्तर आधीच सांगतो, असंच सुरू केलं तर नाही चालत, पण रस्ता आहे. पाठीच्या डिस्कमुळे मी स्वतः त्या रस्त्याने गेलोय, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, इलनेस बेनिफिट म्हणजे सरकारने दया म्हणून दिलेले पैसे नाहीत, तुमच्या पगारातून जो पीआरएसआय (इथला सामाजिक विम्याचा हप्ता) कापला जातो त्याच्यावरचा तो हक्क आहे. त्यामुळेच नुकत्याच आलेल्यांना तो मिळत नाही, कारण एकूण निदान 104 आठवड्यांचा पीआरएसआय भरलेला लागतो, वर गेल्याच्या गेल्या वर्षातले आठवडे वेगळे मोजतात. भारतातला पीएफ किंवा तिथली नोकरीची वर्षं इथे धरत नाहीत, दोन देशांत तसा करारच नाही. म्हणजे पहिली दोन वर्षं तुमच्या हातात मुख्यतः कंपनीचा सिक पे, कायद्याने वर्षाला 5 दिवस आणि पगाराच्या 70 टक्के, दिवसाला जास्तीत जास्त 110 युरो, तोही कंपनीत 13 आठवडे झाले असतील तर. कंपनीची स्वतःची पॉलिसी याहून चांगली असू शकते, काँट्रॅक्ट वाचा, आपण साइन करताना कोणी वाचत नाही.

आता मुद्द्याचं. बेनिफिट चालू असताना तुमच्या जीपीने (नेहमीच्या डॉक्टरने) सर्टिफिकेटवर लिहून दिलेलं असतं की हा माणूस काम करू शकत नाही. मग तुम्ही मित्राच्या दुकानात शनिवारी चार तास बसलात किंवा घरी लॅपटॉपवर कोणाचं छोटं काम केलंत, तर तुमचंच सर्टिफिकेट तुम्हीच खोटं पाडताय. "कॅश घे रे, कोणाला कळतंय" म्हणणारे भेटतील, मलाही भेटले, सल्ला देऊन ते मोकळे होतात आणि दिलेले पैसे परत मागणारं पत्र मात्र तुमच्या नावाने येतं. पैसे न घेता केलेलं काम पण काम धरलं जाऊ शकतं, म्हणून व्हॉलंटिअरिंग असलं तरी आधी विचारून घ्या.

कायदेशीर रस्त्याचं नाव पार्शल कपॅसिटी बेनिफिट, म्हणजे काम करता करता बेनिफिटचा काही भाग मिळत राहणं, 2012 पासून आहे, आणि गंमत म्हणजे आपल्या लोकांना याचा पत्ताच नसतो. अट अशी की इलनेस बेनिफिटवर निदान 6 महिने झालेले हवेत. मग तुम्ही अर्ज करायचा आणि डिपार्टमेंट ऑफ सोशल प्रोटेक्शनचा (हे पैसे देणारं सरकारी खातं) मेडिकल असेसर ठरवतो की आजारामुळे काम करण्याची ताकद किती कमी झालीय. मॉडरेट ठरलं तर नेहमीच्या रकमेच्या 50 टक्के, सिव्हिअर तर 75, प्रोफाउंड (सगळ्यात जास्त) तर पूर्ण 100 टक्के, आणि माइल्ड ठरलं तर काहीच नाही. 2025 ला पूर्ण दर आठवड्याला 244 युरो होता, म्हणजे मॉडरेटवाल्याला 122 आणि वर त्याचा पगार. तास किती आणि कमाई किती याला मर्यादाच नाही, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं, मी दोनदा विचारून घेतलं.

असेसमेंटला जाताना आपली एक सवय घरी ठेवून जा. मला विचारलं किती वेळ बसू शकता, मी सवयीने म्हणालो "तसं ठीक आहे, चालतं", आणि त्याच वेळी खुर्चीच्या कडेला एका बाजूला टेकून बसलो होतो, कारण सरळ बसताच येत नव्हतं. असेसरने माझ्याकडे बघितलं आणि परत विचारलं, नेमकी मिनिटं सांगा. तेव्हा मी वीस म्हणालो. रडगाणं गाऊ नका पण खरं सांगा, वीस मिनिटं तर वीस मिनिटं, मोजे घालायला बायको मदत करते तर ते पण सांगा.

मान्यतेचं लेखी पत्र हातात येईपर्यंत एक दिवस पण काम सुरू करू नका. माझा मॅनेजर सोमवारपासून ये म्हणून मागे लागला होता आणि मी रोज दारातल्या मॅटवर तो हार्पच्या चिन्हाचा सरकारी लिफाफा पडलाय का बघत होतो, बरेच आठवडे गेले, पण थांबलो.

कोर्सचं पण तसंच. एक पार्ट-टाइम संध्याकाळचा कोर्स मी जवळजवळ जॉइन केला होता, फी भरायच्या आदल्या दिवशी सिटिझन्स इन्फर्मेशनच्या (मोफत माहिती देणारं केंद्र) बाईंनी अडवलं, म्हणाल्या आधी डिपार्टमेंटला लिहून परवानगी घे. ट्रेनिंगला साधारण ना नसते, पण न विचारता गेलात तर उगाच प्रश्न उभा राहतो की वर्गात बसता येतं तर ऑफिसात का नाही.

वर्क परमिटवर असाल तर अजून एक घोळ. परमिट त्या एकाच कंपनीचं असतं, त्यामुळे दुसरीकडे दोन दिवस काम हा विचार सोडा, आणि स्वतःच्या कंपनीत तास कमी करायच्या आधी परमिटवर लिहिलेले तास आणि पगार काढून बघा, एचआरशी ईमेलवर बोला, फोनवर नको. स्टॅम्प 4 वाल्यांना (ज्यांना कामासाठी वेगळं परमिट लागत नाही) ही कटकट नाही.

आणि घड्याळ थांबत नाही हे लक्षात ठेवा. इलनेस बेनिफिट जास्तीत जास्त 2 वर्षं, 260 आठवड्यांपेक्षा कमी पीआरएसआय असेल तर 1 वर्षच, आणि त्यावरून पार्शलवर गेलात तर उरलेले दिवसच मिळतात, नवीन मोजणी सुरू होत नाही. मी आठव्या महिन्यात अर्ज टाकला, सहाव्यातच टाकायला हवा होता, तेवढे दोन महिने माझ्या आळसात गेले.