टाइमस्टॅम्पवरून तारीख आणि स्थानिक वेळ कशी काढावी

संगणकाच्या नोंदींमध्ये वेळ पुष्कळदा १७०००००००० अशा लांबलचक आकड्याच्या रूपात आढळते. १ जानेवारी १९७० रोजी यूटीसीनुसार (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार) ००:०० वाजल्यापासून त्या क्षणापर्यंत किती सेकंद लोटले, एवढेच हा युनिक्स टाइमस्टॅम्प सांगतो. त्यात कोणत्याही देशाची वेळ दडलेली नसते. ती आपण वाचताना जोडायची असते.

प्रथम अंक मोजावेत. हल्लीच्या काळातील दहा अंकी आकडा सेकंदांचा आणि तेरा अंकी आकडा मिलिसेकंदांचा असतो. तेरा अंकी आकड्याला आधी १००० ने भागून घ्यावे. जानेवारी १९७० मधली किंवा पन्नास हजारांपुढच्या एखाद्या वर्षातली तारीख समोर आली, तर चूक बहुधा येथेच झालेली असते.

लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी घड्याळात अधूनमधून मिळवलेले जादा सेकंद) या मोजणीत धरले जात नसल्यामुळे प्रत्येक दिवस ८६४०० सेकंदांचाच मानला जातो. त्यामुळे वरील आकड्याला ८६४०० ने भागले की १९६७५ पूर्ण दिवस मिळतात आणि ८०००० सेकंद उरतात, म्हणजेच यूटीसीनुसार १४ नोव्हेंबर २०२३, २२:१३:२०. एक्सेलमध्ये भागाकारात २५५६९ मिळवावेत आणि कप्प्याला तारीख-वेळेचे स्वरूप द्यावे. १ जानेवारी १९७० चा एक्सेलमधील क्रमांक २५५६९ आहे. येणारे उत्तर यूटीसीतलेच असते.

खरी काळजी घ्यावी लागते ती यापुढे. हाच क्षण टोकियोत (यूटीसी +०९:००) १५ नोव्हेंबरच्या सकाळी ०७:१३:२० चा, तर न्यूयॉर्कमध्ये (−०५:००) १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी १७:१३:२० चा ठरतो. न्यूयॉर्कसाठी कायमचे पाच तास वजा करणे मात्र चुकीचे आहे, कारण उन्हाळी वेळ (घड्याळे एक तास पुढे ठेवण्याची पद्धत) लागू असताना तेथील फरक चार तासांचा असतो. म्हणून प्रोग्राममध्ये तासांचा ठरावीक फरक न लिहिता ‘America/New_York’ यासारखे कालक्षेत्राचे नाव द्यावे, म्हणजे त्या तारखेला लागू असलेला नियम कालक्षेत्रांच्या माहितीसंचातून आपोआप घेतला जातो.

रूपांतरित वेळेपुढे यूटीसीपासूनचा फरकही लिहावा, असा माझा आग्रह आहे. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कमधील घड्याळे एक तास मागे गेली आणि त्या पहाटे ०१:३० दोनदा वाजले. त्यांपैकी पहिली वेळ −०४:०० ची आणि दुसरी −०५:०० ची, हे नोंदीत नसेल, तर त्या वेळेवरून मूळ टाइमस्टॅम्प खात्रीने परत काढता येत नाही.