फाटकापाशीच सगळं ठरतं: लहान डॉग पार्कमध्ये कुत्र्याला मोकळं सोडताना

घराजवळचा लहानसा डॉग पार्क म्हणजे चारी बाजूंनी जाळी, एखादं बाक, एखादं झाड आणि पट्टे काढून सोडलेली चार-पाच कुत्री. त्याबद्दल जे सल्ले कानावर पडतात ते बहुतेक मोठ्या मैदानांसाठी असतात. मोठ्या मैदानात एखाद्या कुत्र्याला दुसरं नकोसं झालं तर ते सरळ लांब निघून जातं. लहान जागेत दहा उड्यांत जाळी आडवी येते. कोपऱ्यात सापडलेलं कुत्रं चावतं, मग ते घरी कितीही गरीब असो.

गेली अकरा वर्षं मी हे करतेय, आधी माझा कुत्रा बंड्या याच्याबरोबर आणि आता माझी कुत्री चिमी हिच्याबरोबर. पाण्याची बाटली घ्या, शी उचलायला पिशव्या घ्या, हे सांगत बसत नाही. पिशवी नेत नसाल तर पुढचं वाचूही नका.

निघण्याआधी

कुत्री माजावर असेल तर ते साधारण तीन आठवडे पार्क बंद. खोकला, जुलाब, अंगावर गोचीड असेल तरी बंद. भर उन्हात जायचं नाही. जमिनीवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग नीट थंड करता येत नाही. त्यांना नेताना ऊन उतरल्यावरसुद्धा दोनदा विचार करा.

आता पिल्लांबद्दल. ‘लहानपणीच पार्कात न्या, म्हणजे इतर कुत्र्यांची सवय होते’ हा सल्ला मला दर महिन्याला कोणीतरी ऐकवतं. सवय लागायचं मुख्य वय तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपासचं, आणि लहानपणच्या लसींचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर. म्हणजे सवयीच्या वयात पिल्लाला पुरतं संरक्षण नसतं, आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. त्या वयात ओळखीच्यांच्या घरातलं एखादं शांत, लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं गाठा. पार्क नंतर.

आणि घरातल्या घरात हाक मारल्यावर येत नसेल, तर पार्कातही येणार नाही. आधी ते शिकवा.

कुंपणाबाहेर

दहा मिनिटं. पट्टा सैल ठेवून जाळीपासून चार हात लांबून एक फेरी मारा. त्याला वास घेऊ दे, शी-शू उरकू दे. तुम्ही तेवढ्यात आतली कुत्री मोजा आणि त्यांच्या मालकांकडेही बघा. सगळे मोबाईलमध्ये मान घालून बसले असतील तर मी परत फिरते. एकाच कुत्र्यामागे तिघं लागली असतील तरी परत फिरते. लहान पार्कात पाचच्या वर कुत्री असली की माझ्या हिशेबी जागा भरली. आपण इतक्या लांब चालत आलो म्हणून आत जायलाच हवं असं काही नाही.

फाटक

इथे मी सावकाश लिहिणार आहे, कारण मी इथेच चुकले होते.

चांगल्या पार्कला दोन फाटकं असतात, मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढी मोकळी जागा. बाहेरचं उघडायचं, आत शिरून लावायचं, मग आतलं उघडायचं. बहुतेकांना वाटतं ही व्यवस्था कुत्रं पळून जाऊ नये म्हणून आहे. तेवढ्यासाठी आहेच, पण तिचा खरा उपयोग पट्टा काढण्यासाठी आहे.

बंड्या दोन वर्षांचा असताना मी त्याला पट्ट्यासकट आत घेऊन जायची. ‘सुरुवातीला पट्टा राहू द्या, जरा अंदाज घेऊ द्या, मग सोडा’ असं मला एकांनी सांगितलं होतं आणि ते शहाणपणाचं वाटलं. त्या संध्याकाळी कडी वाजल्याबरोबर आतली चारही कुत्री फाटकाकडे धावली. नवीन कोण आलं हे बघायला ती धावतातच. बंड्याने मागे सरकायचा प्रयत्न केला, मी घाबरून पट्टा ओढला, आणि तो माझ्या पायाला आवळून उभा राहिला. मान वर ताणलेली, छाती पुढे आलेली. बाकीच्या कुत्र्यांना दिसलं ते एवढंच, की हा आलेला गडी ताठ उभा आहे आणि बाजूला होत नाही. मी पट्टा सोडवायला गेले तर हुकाचा खटका मातीने जाम झालेला. अंगठ्याने दोनदा दाबला, सरकला नाही. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत बंड्याच्या कानाचं टोक फाटलं होतं. कानाला जखम लहान असली तरी रक्त फार येतं. माझी ओढणी, फाटक, शेजारच्या काकूंच्या चपला, सगळं लाल.

चूक त्या चार कुत्र्यांची नव्हती. बांधलेल्या कुत्र्याला दोनच गोष्टी जमतात, गप्प सोसणं किंवा लढणं. वळून वास घेऊ देणं, अर्धगोल फिरून जवळ येणं, नको असेल तर निघून जाणं, हे सगळं पट्ट्याने काढून घेतलेलं असतं. त्यात मालकाने पट्टा ताणला की ते त्याला थेट सांगणंच झालं, की इथे काहीतरी भयंकर आहे. पुढे महिनाभर बंड्या पार्कच्या वळणावर आला की चारही पाय रोवून बसायचा. तो पुन्हा आत पाऊल टाकेपर्यंत मी रोज संध्याकाळी लांबच्या दगडावर त्याच्याबरोबर नुसती बसून राहायची.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे आणि त्यात मी कोणाचं ऐकत नाही.

घरून निघतानाच हुक दोनदा उघडून बघते. बाहेरच्या फाटकाशी आल्यावर आधी आत नजर टाकते. आतल्या फाटकाला नाकं लावून कुत्री उभी असतील तर कडीला हातच लावायचा नाही. जाळीवरून हाक मारायची, ‘दादा, जरा तुमच्या कुत्र्याला बोलावता का? आम्ही आत येतोय.’ दहातले नऊ जण लगेच बोलावतात. दहावा म्हणतो, ‘काही करत नाही हो ती, या तुम्ही.’ या दहाव्या माणसासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे, ‘माझा करतो.’ खरं असो नसो, तो लगेच उठतो.

जागा मोकळी झाली की बाहेरचं फाटक उघडून आत यायचं, ते लावायचं आणि कडी बसल्याचा आवाज ऐकायचा. नुसतं ढकलून भागत नाही. मग खाली वाकून पट्टा काढायचा. छातीभोवती घालायचा हार्नेस असेल तर तोही. खेळताना दुसऱ्याचा जबडा हार्नेसच्या पट्टीत अडकला की दोघंही घाबरतात आणि खेळाचं भांडण होतं. गळ्याला सैल, साधा, नावाचा बिल्ला असलेला पट्टा तेवढा राहू दे. काट्यांचा किंवा आवळणारा पट्टा घालून तर पार्कात आणूच नका.

पट्टा काढल्यावर लगेच आतलं फाटक उघडू नका. एक श्वास थांबा. तो जाळीला पंजे मारत, भुंकत असेल तर त्याच तापलेल्या डोक्याने आत उडी घेईल. चारही पाय जमिनीवर आले आणि त्याने एकदा तुमच्याकडे पाहिलं, की उघडा. चिमीला हे समजायला बारा-तेरा फेऱ्या लागल्या. त्यातल्या निम्म्या वेळा आम्ही आत न जाताच घरी आलो.

आत शिरल्यावर फाटकाशी उभं राहायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही चालू लागा, समोरच्या टोकाकडे, मागे न बघता. तुमचं कुत्रं तुमच्यामागे येतं, बाकीची त्याच्यामागे येतात, आणि चालता-चालता जे वास घेणं होतं ते बिनबोभाट होतं. भांडण होतं ते गर्दी जागच्या जागी थिजली की.

पार्कला एकच फाटक असेल तर काय? मग बाहेर उभं राहून दुप्पट वाट बघायची. फाटकाजवळ एकही कुत्रं नाही अशा वेळी आत शिरायचं, फाटक लावायचं आणि तिथल्या तिथे पट्टा काढायचा. पट्टा पाच सेकंदांच्या वर राहता कामा नये.

आणि आपण आत असताना दुसरं कोणी आलं, तर आपलं कुत्रं फाटकावरून बोलावून घेणं हे आपलं काम. मी चिमीला घरी आमच्या दाराच्या कडीवर शिकवलं. कडी वाजली की माझ्याकडे धावत यायचं, खाऊ मिळतो. आठवडाभरात पक्कं झालं. पार्कात मात्र खाऊ नेत नाही, तिथे तिला मान खाजवून मिळते. हातातल्या एका तुकड्यावरून पाच कुत्र्यांची झोंबाझोंबी मी पाहिलेली आहे. चेंडूचंही तसंच. आत आपण एकटेच असलो तर फेका, नाहीतर घरी ठेवा.

आत गेल्यावर

चालत राहा आणि बघत राहा. बाकावर बसायचं असेल तर घरीच बसा.

‘शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे’ हे अर्धवट ज्ञान आहे. सैल शेपूट, जिच्याबरोबर कंबरही हलते, ती खुशीची. ताठ उभी करून टोकाशी भराभर थरथरणारी शेपूट म्हणजे सावध व्हा. तोंड बघा. खेळणाऱ्या कुत्र्याचं तोंड उघडं आणि ढिलं असतं, ते पुढचे पाय टेकवून बूड वर करतं, मध्येच थांबतं, अंग झटकतं, कधी हा मागे तर कधी तो. तोंड मिटलं, अंग ताठरलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला की खेळ संपला. तिथेच हाक मारून बाजूला घ्या.

एकच कुत्रं सतत पळतंय आणि दुसरं सतत मागे लागलंय, अशा वेळी खरंच खेळ चाललाय का, हे तपासायला सोपी युक्ती आहे. मागे लागणाऱ्याला पाच सेकंद धरून ठेवा. पळणारं वळून त्याच्याकडे परत आलं तर सोडून द्या, खेळ आहे. ते जाऊन कोणाच्या पायांमागे लपलं, तर धरलेल्याला पट्टा लावून थोडा वेळ बाहेर घेऊन जा. तुमचंच असेल तरी.

इथे कोणीतरी हमखास म्हणणार, ‘अहो, त्यांचं ते बघून घेतील.’ नाही बघून घेत. दबलेलं कुत्रं यातून एवढंच शिकतं, की माझा माणूस मदतीला येत नाही, आता मीच आधी चावलं पाहिजे. दांडगं कुत्रं शिकतं की हे चालतं. पाच किलोच्या आणि तीस किलोच्या कुत्र्यात तर बघून घेण्यासारखं काही नसतंच. लहान कुत्रं किंचाळत पळालं की मोठ्यातला शिकारी जागा होतो, आणि मग तो वाईट स्वभावाचा आहे की नाही याला अर्थ राहत नाही.

भांडण लागलंच तर

हात मध्ये घालू नका, गळ्याचा पट्टा धरायला तर मुळीच जाऊ नका. बहुतेक भांडणांत आवाज फार आणि इजा थोडी असते, काही सेकंदांत संपतात. जोरात टाळ्या, बाटलीतलं पाणी तोंडावर, मध्ये आडवी पिशवी किंवा फळी. तरीही सुटली नाहीत तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय उचलायचे आणि हातगाडीसारखं मागे ओढत बाजूला वळवायचं. एकाच्याच कुत्र्याला ओढलं तर ते बिचारं मार खातं. दातांनी एकमेकांना पकडून ठेवलं असेल तर ओढू नका, जखम आणखी फाटते.

नंतर केसांखाली बोटं फिरवून सगळं अंग तपासा. सुळ्याची जखम वरून तांदळाच्या दाण्याएवढी दिसते आणि आत खोल असते, त्यामुळे डॉक्टरांना दाखवाच. माणसाला दात लागला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात, रेबीजच्या लसीसाठी. कुत्रं ओळखीचं आहे म्हणून टाळाटाळ नको.

निघताना

वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. दमलेली कुत्री चिडतात, लहान मुलांसारखी.

फक्त निघताना हाक मारलीत तर चार दिवसांत कुत्रं ओळखतं की हाक म्हणजे मजा संपली, आणि पाचव्या दिवशी तुम्ही पार्कभर त्याच्यामागे पळत असता. म्हणून आत असताना पाच-सहा वेळा बोलावा, मान खाजवा आणि परत सोडा. शेवटची हाक फाटकाशी उभं राहून मारू नका, पार्कच्या मधोमध मारा. फाटकापर्यंत सोबत चालत जा, मधल्या जागेत पट्टा लावा. आतलं फाटक लागल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि कानांमागे गोचीड बघा. आणि तो हुक धुऊन, पुसून, खटका दोनदा सरकवून मगच खुंटीला टांगा.