जेट स्कीवर वॉटरप्रूफ साउंड सिस्टीम बसवताय? या चुका टाळा

जेट स्कीवरचा साउंड बंद पडला की सगळे आधी स्पीकरला शिव्या घालतात, पण उघडून बघितलं तर स्पीकर बऱ्याचदा ठणठणीत असतो आणि मेलेला असतो तो मागचा एखादा जोड, वर काळी टेप गुंडाळलेला आणि आतून हिरवा पडलेला. वॉटरप्रूफ स्पीकर विकत मिळतो हो, वॉटरप्रूफ वायरिंग आपल्यालाच करावं लागतं.

टेप पाण्यात टिकत नाही, विषय संपला. जोड नीट क्रिंप करा (क्लिप पक्कडीने दाबून बसवा) आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसणारी नळी) चढवा, गरम केल्यावर कडेने थोडा गोंद बाहेर आला म्हणजे जोड सील झाला. वायर टिनचा थर दिलेली तांब्याचीच घ्या. स्वस्तातली अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर खाऱ्या पाण्यात बघता बघता कुजते. आणि कनेक्टरच्या आधी वायरला खाली थोडा झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकतं, कनेक्टरमध्ये घुसत नाही.

दुसरी गडबड करतात ते कारमध्ये सिस्टीम बसवून हात बसलेले लोक. कारमध्ये निगेटिव्ह बॉडीला लावून मोकळं होता येतं, पण जेट स्कीची बॉडी फायबरग्लासची नाहीतर तसल्याच कंपोझिटची, तिच्यातून करंट जातच नाही! निगेटिव्ह वायर थेट बॅटरीपर्यंत न्या. काहीजण जवळच्या इंजिनच्या बोल्टला लावतात, मग रेस दिली की गाण्यात कुंई कुंई ऐकू येतं आणि अँप (अँप्लिफायर) बदलायची भाषा सुरू होते. ग्राउंड बरोबर असूनही आवाज येत असेल तर सिग्नलची केबल पॉवर केबलला चिकटून गेली आहे का ते बघा.

बॅटरीचा हिशोब तर कोणी करतच नाही. जेट स्कीची बॅटरी साधारण २० अँपिअर-अवरच्या आसपास असते, म्हणजे इंजिन बंद ठेवून १० अँपिअर ओढणारी सिस्टीम तासभर वाजवली की निम्मी बॅटरी गेली, आणि किनाऱ्यापासून लांब असताना स्टार्टर नुसता टक टक करत बसला तर कोणाला सांगणार? अँपचा रिमोट वायर (त्याला चालू-बंदचा सिग्नल देणारी वायर) इग्निशनबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाईनवर घ्या, नाहीतर रात्रभर अँप गुपचूप बॅटरी पीत राहतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरातच. तो अँपपाशी लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग शून्य, आणि बॉडीच्या आत पेट्रोलची वाफ साचू शकते हे विसरू नका.

स्पीकरवर आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग, ६ धुळीचा, ७ पाण्याचा) बघून लोक निर्धास्त होतात. त्यातला ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, तेही शांत पाण्यात. जोरदार फवाऱ्याची टेस्ट वेगळी असते, पाण्याच्याच आकड्यातली ५ आणि ६ नंबरची, आणि ६७ पास झालेला स्पीकर ती पण पास झालाय असं गृहीत धरायचं नाही. म्हणून धुताना प्रेशर वॉशर स्पीकरवर रोखू नका, गोड्या पाण्याची साधी धार पुरे.

आवाज वाढवला की सिस्टीम बंद पडते? आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा, मग वायरची जाडी, बहुतेक वेळा वायर बारीक निघते. अँप सारखा प्रोटेक्टमध्ये जात असेल (स्वतःला वाचवायला आपोआप बंद होत असेल) तर तो बंद खणात तापतोय का बघा, किंवा २ ओम सहन न करणाऱ्या अँपला ४ ओमचे दोन स्पीकर एकाच चॅनलवर पॅरलल जोडलेत का (दोन्ही मिळून २ ओमच होतात) ते तपासा. एकाच बाजूचा आवाज गेला असेल तर डावी-उजवी वायर अदलाबदल करा, बंद बाजू बदलली तर स्पीकर ठीक आहे, दोष मागे वायर किंवा अँपमध्ये आहे.

बॉडीला भोक पाडताना आतून काय जातंय ते आधी हात घालून चाचपा, स्टिअरिंग केबलला ड्रिल लागलं तर गाणी राहिली बाजूला. भोकाच्या कडांना मरीन सीलंट, स्पीकरखाली गॅस्केट, दोन्ही लावा. पॅनेल बंद करण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून वायर कुठे ताणत नाही ना ते बघा, वरून बादलीभर पाणी ओता, आणि दुसऱ्या दिवशी सीट काढून आत बोट फिरवा, ओलं लागलं तर पुन्हा सीलंट.