कायदा वाचताना पगारस्लिप शेजारी ठेवा

वेतन संहिता 2019 पहिल्या पानापासून पाठ करू नका. आधी कलम 2 मधली ‘वेतन’ची व्याख्या काढा आणि आपली पगारस्लिप शेजारी ठेवा. वाळूज असो की शेंद्रा, छत्रपती संभाजीनगरच्या या औद्योगिक वसाहतींत बेसिक कमी आणि भत्ते जास्त अशी स्लिप कितीतरी जणांच्या हातात पडते, आणि खरी मेख तिथंच असते.

समजा, महिन्याचा एकूण पगार 20,000 रुपये. बेसिक व महागाई भत्ता 8,000. घरभाडं, प्रवास वगैरे 12,000. वेतनातून वगळायचे असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचे 2,000 वेतनातच धरायचे. म्हणजे वेतन 10,000.

आता ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम: शेवटचं मासिक वेतन × 15 × वर्षं ÷ 26. दहा वर्षांचे 57,692 रुपये; नुसत्या बेसिक-महागाईवर 46,154. भागाकार 30 ने करू नका, तिथंच पैसे बुडतात. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त भरले असतील, तर ते पूर्ण वर्ष धरा.